सर्जेरावांचे दोन वॉचमन

परळीच्या वीजकेंद्राच्या गेटवर उभं राहून राहून सर्जेराव रिटायर झाले, पण गेट काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. जावयासाठी भुईमुगाच्या शेंगा घेऊन आलेल्या सख्ख्या सासऱ्याला त्यांनी पास नाही म्हणून भर उन्हात बाहेर बसवलं होतं. चतुराबाईंनी ही गोष्ट नवऱ्याला आजतागायत विसरू दिलेली नाही.

आता त्यांना राखायला उरला होता घरचा कॉम्प्युटर. तो खाली बैठकीत, प्रिंटरही त्यालाच जोडलेला. सुनेचा, रूपालीचा, कॉम्प्युटर वरच्या खोलीत. तिनं पत्रिका छापून द्यायचा नवा धंदा काढला होता. वाय-फायवरून वर हुकूम सोडायचा, खाली कागद पडायचा, असा बेत. कागद तेवढा पडत नव्हता.

आणि पहिलीच ऑर्डर! शेजारच्या मुक्ताबाईंच्या लेकीचा मंगल परिणय. संध्याकाळी त्या पत्रिका न्यायला येणार होत्या. नाही मिळाल्या तर बाजारातला प्रेसवाला टपलेलाच.

"मामा, वरून प्रिंटर दिसतच न्हाई!" रूपाली जिन्यातूनच ओरडली.

"दिसंल कसा? बंदोबस्त हाय," सर्जेरावांची छाती फुगली.

रूपाली खाली येऊन बघते तो काय! विंडोजची फायरवॉल, म्हणजे कॉम्प्युटरच्या दारावरचा राखणदार, आधीपासून होताच. पण फुकटचा माणूस काय राखण करणार, म्हणून सर्जेरावांनी विकतचा दुसरा आणून बसवला होता. पहिल्यानं सोडलं की दुसरा अडवायचा. शिवाय 'हे नेटवर्क घरचं की सार्वजनिक?' या प्रश्नाला त्यांनी ठोकून दिलेलं उत्तर होतं, सार्वजनिक.

"असं कावून केलं, मामा?"

"तुज्या सासूच्या भिशीला निम्मी परळी येती. ह्याला काय घर म्हनायचं?"

दुसऱ्या राखणदाराकडं तर अडवलेल्यांची जंत्रीच होती, आणि तीत एकच नाव पुन्हा पुन्हा: रूपाली-पीसी. परवानगी द्यायची का असं विचारलं की सर्जेरावांचं बोट आपोआप 'नाही'वर जायचं.

"अवो मामा, ती मीच हाय!"

"चेहरा कुटं दिसतो त्यात?"

"एका गेटावर दोन वॉचमन लई झाले. एकाला काढा."

सर्जेराव गंभीर झाले. "चूक नसताना कुनाला काढायचं? एक जुना हाय, एक इकत आनलाय."

स्वैपाकघरातून चतुराबाईंचा आवाज आला, "तुमाला रिटायर केलं तवा तुमची काय चूक व्हती?"

शेवटी सर्जेरावांनी जड हातानं विकतचा राखणदार काढून टाकला.

"भाईरचा कुनी घुसला तर?"

"जुना हाय की जागा. त्यो घरच्यांनाच सोडंल."

मग नेटवर्क 'घरचं' झालं, प्रिंटरला परवानगी मिळाली. रूपाली वर पळाली. खाली प्रिंटर खाकरला आणि बुद्धमूर्तीचं चित्र असलेली पहिली पत्रिका सर्जेरावांच्या मांडीवर पडली. तेवढ्यात मुक्ताबाई 'जय भीम' म्हणत दारात.

"बगा मुक्ताबाई," चतुराबाई बाहेर येत म्हणाल्या, "सुनेला बिनापासचं सोडलं. अन् माजा बा उनात!"

"तवा तुजे वडील सार्वजनिक नेटवर्कवर व्हते," सर्जेराव म्हणाले.

चहा सगळ्यांना मिळाला. सर्जेरावांचा कप तेवढा आतच अडवला गेला.