नवऱ्याच्या नावापुढचा रकाना

भुताखेतांच्या गोष्टींवर मी आजवर हसतच आलेय. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय... पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

परभणीतल्या एका वधू-वर सूचक केंद्रात मी कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. माझं लग्नही इथूनच जमलं. नवऱ्याची आणि माझी, दोघांचीही नोंद इथल्याच जुन्या प्रोग्राममध्ये. यंदा मालकांनी नवीन सॉफ्टवेअर घेतलं, पण जुन्याचं नव्याशी जमेना. जुना मराठी फॉन्ट नव्यात नेला की नावांच्या जागी नुसती चिन्हं — कंस, टक्के, उद्गारचिन्हं! शिवाय नव्यात 'जुळलेले स्थळ' असा एक रकाना होता, जो जुन्यात नव्हताच. तो सगळ्यांचा रिकामा येणार, हे ठरलेलं.

भर दुपारी डेटा चढवला. सगळीकडे चिन्हंच चिन्हं... आणि एका ओळीत स्वच्छ मराठी. 'जुळलेले स्थळ : वंदना, चारठाणा'. नोंदणी क्रमांक माझ्या नवऱ्याचा! तो मला पाठ आहे — लग्नाआधी त्यांचा बायोडाटा मी उशाखाली ठेवायचे.

अंगाचा तिळपापड झाला. शेजारच्या टेबलावरच्या सारिकाला म्हटलं, "मस्करी करायलीस का गं?"

"ताई, मी हात बी लावला न्हाई. आन जुन्यात हा रकानाच न्हाई, तर नाव येईल कुठून?"

पुसलं, पुन्हा चढवलं. पुन्हा वंदना. जुन्या फाईलीत शोधलं — चारठाण्याची एकही वंदना नाही. तिसऱ्यांदा चढवलं... बया हजरच!

संध्याकाळी हे पूर्णेहून ड्युटी करून आले. चहा देतानाच विचारलं, "चारठाण्याची वंदना कोण हो?"

ह्यांनी कप खाली ठेवला. "तुला कुनी सांगितलं? तुझ्या आधी मामासोबत बघायला गेलतो. लय आवडली होती... तिकडून नकार आला. केंद्रात तर मी कुनाला बोललोच न्हाई."

बारा वर्षं संसार केला, दोन लेकरं झाली, पण 'लय आवडली' हे माझ्या वाट्याला एकदाही आलेलं नाही. खरं सांगते, भीती वाटलीच नाही. नुसता जळफळाट झाला.

दुसऱ्या दिवशी सारिकानं फॉन्टचं काम उरकलं, सगळी नावं नीट दिसू लागली. माझ्या रकान्यात मी ह्यांचं नाव टाकलं, ते टिकलं. ह्यांच्या रकान्यात माझं टाकलं, सेव्ह केलं, उघडलं... वंदना. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, असं होऊच शकत नाही. ते मलाही कळतं.

कारण आजवर कुणाला सापडलेलं नाही. मी मात्र ऑफिसला गेले की आधी तीच ओळ उघडते, तिचं नाव पुसते आणि माझं टाकते. आजही टाकून आलेय.