मोहिनी आणि द्राक्षांच्या खोल्या

एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढणाऱ्या मुलांना ढग कुठून येतात हे शिकवावं लागत नसे. समोरच्या उंच कूलिंग टॉवरांतून ते निघताना रोज दिसायचेच. पुंजाराम गांगुर्ड्यांच्या मोहिनीची तर बरीच वर्षं खात्री होती, की नाशिकवर पडणारा सगळा पाऊस आपले अण्णाच ड्युटीवर जाऊन तयार करतात. शाळेत बाईंनी समुद्र, बाष्प, वारे असं सगळं समजावलं, तेव्हा तिने ते नीट ऐकून घेतलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघत बसली. प्रगतिपुस्तकात शेरा ठरलेला असे: हुशार आहे, पण लक्ष नसते.

अण्णा कंट्रोल रूममध्ये टेक्निशियन होते. एकदा सुरक्षा सप्ताहात घरच्या मंडळींना आत नेऊन केंद्र दाखवलं. बॉयलरच्या घरघरीने बाकीची पोरं आयांना बिलगली. मोहिनी मात्र कंट्रोल रूमच्या भिंतीपुढे उभी राहिली ती हलेचना. त्या भिंतीवर अख्खं केंद्र रंगीत रेघांनी काढलेलं होतं. पाणी कुठून येतं, वाफ कुठे जाते, वीज कुठून बाहेर पडते, सगळं. आणि जागोजागी छोटे दिवे.

“अण्णा, एवढं सगळं या भिंतीत मावलं?”

“मावतंय कसलं! हे नुसतं चित्र हाय. खरं समदं बाहेर हाय,” अण्णा म्हणाले आणि तिचा हात धरून पुढे चालू लागले. तिला वाटलं, बाहेरच्या गोंगाटापेक्षा हेच जास्त खरं आहे.

पुढे नाशिक रोडला बी.एस्सी. करताना तिने कॉम्प्युटरचा क्लास लावला. त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. फ्लॅटच्या हॉलमध्ये चार मशिनं, चपला बाहेर काढायच्या, काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापलं नाव पडद्यावर उमटवलं, हसले आणि सर पुढचं काय शिकवतात याची वाट बघू लागले. मोहिनी तिथेच अडकली. आपण एक ओळ लिहिली आणि नाव खालपर्यंत धो धो वाहत गेलं. मनातली गोष्ट बाहेर घडली, तीही तिने सांगितली तशीच. घरी जाताना रिक्षात शेजारी कोण बसलं होतं, हेही तिला आठवत नव्हतं.

त्याच क्लासमध्ये मनोज होता. वडील नोटांच्या प्रेसमध्ये, घर जेल रोडला, आणि बोलायला असा पटाईत की समोरच्याने नाही म्हणायच्या आत त्याचं चहापाणी उरकलेलं असे. त्याने पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या घेऊन ऑफिस थाटलं आणि मोहिनीला म्हणाला, “बोलायचं मी, लिहायचं तू.” खाली गिरणी सुरू झाली की वरची फरशी थरथरायची, आणि कीबोर्डवर पिठाचा पातळ थर बसायचा. मोहिनीला तो आवाज आवडायचा. त्या गुणगुणीत तिची तंद्री चांगली लागे.

पहिलं मोठं काम मिळालं पिंपळगाव बसवंतला. गोटीराम शेठचं कोल्ड स्टोरेज आणि पॅकहाउस होतं. सकाळी बागेतून काढलेली द्राक्षं टेम्पोने यायची, बायका ती निवडून खोक्यांत भरायच्या, मग खोकी थंड खोल्यांत जायची. कुणाची खोकी कुठल्या खोलीत, कधीपासून, आणि बाहेर काढायची कधी, हे सगळं कॉम्प्युटरने सांगायचं होतं. मोहिनीने फॉक्सप्रोमध्ये प्रोग्राम लिहायला घेतला. उन्हाळ्याच्या तोंडावर ती अंगात स्वेटर घालून थंड खोल्यांमधून हिंडायची. खोक्यांच्या थप्प्या, दारातून आत शिरणारी वाफ, निळसर उजेड. बाहेर येऊन ती तेच सगळं पडद्यावर पुन्हा बांधायची. जी संख्या क्षणभर धरून ठेवायची आणि मग सोडून द्यायची, तिला तिने नाव दिलं ‘धुकं’. धुकं एक, धुकं दोन, धुकं तीन.

प्रोग्राम चालला. गोटीराम शेठ खूश झाले. आणि पुढच्याच हंगामात म्हणाले, “ताई, एवढं एक बसवून द्या ना. लेबलं बी यातूनच निघायला पायजे.”

तिने बसवून दिलं. मग बागायतदारांच्या पावत्या. मग मजुरांची हजेरी. मग दुबईचा माल वेगळा, मुंबईचा वेगळा. दर हंगामात एवढं एक. मनोज कशालाच नाही म्हणत नसे, आणि मोहिनीलाही बसवण्याची मजा वाटत असे. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं, की लेबलाची रुंदी वाढवली की तिकडे हजेरीत नावं अर्धवट छापली जातात. पावतीला हात लावला की खोलीतली खोकी कमी दिसायला लागतात. जिथे सोय दिसली तिथे तिने भिंत फोडून वाट केली होती, आणि आता न्हाणीघरातून गेल्याशिवाय देवघरात जाता येत नव्हतं. स्वतः बांधलेल्या घरात ती दबकत चालू लागली. शेठना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी सगळं झकास होतं.

दोन हजार साल उजाडलं आणि मनोजने ऑफिस बंद केलं. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीत त्याला नोकरी लागली होती. वर्षभरात त्याने मोहिनीलाही तिकडे ओढलं. “गिरणीवर बसून काय होणार? इथे वाढ आहे,” तो म्हणाला.

पुण्यात पहिल्यांदा तिने आर्किटेक्चर हा शब्द प्रोग्रामसाठी वापरलेला ऐकला. कोड लिहिण्याआधी माणसं फळ्यावर चौकोन काढत, त्यांना रेघांनी जोडत आणि त्या रेघांवरून तावातावाने भांडत. कुठल्या भागाला कुणाची ओळख असावी आणि कुणाची मुळीच नसावी, यावर अख्खी दुपार जाई. मोहिनी मागच्या खुर्चीत बसून बघायची. हे तर आपल्याला हवंच होतं, फक्त त्याला नाव आहे हे ठाऊक नव्हतं. त्या दोन-तीन वर्षांत ती खूप शिकली. चांगला प्रोग्राम म्हणजे पुष्कळ करणारा प्रोग्राम नव्हे, हे तिला उमगलं. ज्यातली एक खोली पाडून पुन्हा बांधताना शेजारच्या खोलीतला माणूस झोपेतून उठत नाही, तो चांगला.

काम चांगलं, म्हणून बढती मिळाली. ती मॅनेजर झाली. अण्णांनी कॉलनीत पेढे वाटले. “हाताखाली माणसं हायेत तिच्या,” ते प्रत्येक दारात सांगत होते. आई, नवसाबाई, मागून डबा घेऊन चालत होती आणि हसत होती.

नव्या टेबलावर कोड नव्हता. कोण कुठवर आलं, कुणाला रजा हवी, ग्राहक का चिडला, याच्या बैठका होत्या. मोहिनी वाईट मॅनेजर होती असं नाही. तिच्या हाताखालची मुलं तिच्यावर खूश होती. पण बैठकीत बोलता बोलता तिचं मन निसटायचं. काचेपलीकडे कुणीतरी एकाग्र होऊन लिहिताना दिसलं, की दुसऱ्याच्या ताटातल्या गरम भाकरीकडे बघावं तसं ती बघत राहायची.

एकदा घरी जाताना एसटीत तिचा डोळा लागला. संगमनेर मागे पडलं होतं, दुपारचं ऊन खिडकीतून मांडीवर आलं होतं. स्वप्नात ती पिंपळगावच्या थंड खोल्यांमधून चालत होती. एका दारातून दुसऱ्या खोलीत, तिथून तिसऱ्या. प्रत्येक खोलीत खोकी, पण त्यांत द्राक्षं नव्हती, धुकं होतं. ती एक दार लावायची आणि कुठेतरी लांब दुसरंच दार उघडायचं. तिला भीती वाटली नाही. एकेक भिंत तळव्याने चाचपत ती जात राहिली, आणि जिथे हात टेकेल तिथे भिंत सरळ होत गेली. सिन्नरला कंडक्टरने हाका मारल्या तेव्हा ती जागी झाली. उजवा हात अजून पुढच्या सीटच्या पाठीवर टेकलेला होता. शेजारच्या बाई तिच्याकडे काळजीने बघत होत्या.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत गोटीराम शेठचा फोन आला. “मॅडम झालात म्हणं आता. पण आमचं मशिन मरायला टेकलंय. नव्या मशिनवर तुमचा प्रोग्राम कुणालाच चढवता येईना. तुमचंच लेकरू हाय ते, बघा जरा येऊन.”

तिने रजा काढली. पॅकहाउसमध्ये हंगामाची घाई होती, टेम्पो रांगेने लागले होते. कोपऱ्यातल्या त्याच टेबलावर, त्याच मशिनवर तिने आपला जुना कोड उघडला आणि वाचत बसली. लिहिणारी मुलगी तिला ओळीओळीत भेटत होती. इथे ती घाईत होती. इथे तिला काहीतरी सुचलं होतं आणि ती हरखली होती. इथे कंटाळली होती, इथे सरळ घाबरली होती. आणि मधूनमधून धुकं एक, धुकं दोन. ती इतक्या मोठ्याने हसली, की खोकी भरणाऱ्या बायकांनी माना वळवल्या.

“काय झालं गं बाई?” एकीने विचारलं.

“काही नाही. जुनी मैत्रीण भेटली,” मोहिनी म्हणाली. डोळे पुसून ती पुन्हा वाचू लागली.

हंगामापुरतं तिने ते कसंबसं चालू करून दिलं. पण पुण्याला परतली ती ठरवूनच. प्रतिभा मॅडम तिच्या वरिष्ठ होत्या. त्यांच्या केबिनमध्ये जाऊन ती म्हणाली, “मॅडम, मला पुन्हा प्रोग्रामर व्हायचंय.”

प्रतिभा मॅडमना वाटलं पगाराचा विषय आहे. मग वाटलं कुणाशी बिनसलं. शेवटी त्या खुर्चीत मागे टेकल्या. “मोहिनी, आपल्याकडे असा रस्ता नाही गं. इथून वर जाता येतं. उलटं कसं न्यायचं ते मलाही माहीत नाही.”

“मला उलटं वाटतच नाहीये.”

“सगळ्यांना वाटेल. दहा वर्षांनी तुलाही वाटेल कदाचित.”

मॅडमनी तिला आठवडाभर विचार करायला लावला, तीही प्रामाणिकपणे विचार करत राहिली. आठवड्याने तिने राजीनामा दिला. मनोज तोवर अमेरिकेत पोचला होता. त्याचा फोन आला. “वेडी आहेस. पुन्हा त्या पिठात जाणार?” मग थोडं थांबून म्हणाला, “गिरणी आहे का गं अजून?” ती हो म्हणाली.

अण्णांना सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. ते नुकतेच निवृत्त झाले होते, अंगणात झारीने गुलाबाला पाणी घालत होते.

“काढून टाकलं का तुला?”

“नाही अण्णा. मीच सोडली.”

“मग मोठी नोकरी लागली दुसरीकडं?”

“नाही. इथेच काम करणार. आधी करायचे तेच.”

अण्णांनी झारी खाली ठेवली. “माणूस शिकतं कशाला? पुढं जायला. तू उतरून आली. मला नाय समजत हे,” ते म्हणाले आणि आत निघून गेले. पुढचे कित्येक दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलत. नवसाबाईंनी मात्र रात्रीच्या भाकरी करताना एवढंच विचारलं, “तिकडं जेवत व्हती का नीट? वाळून गेली व्हती लय.” मोहिनी आईच्या हातातला पिठाचा गोळा घेऊन थापायला बसली.

तो पावसाळा तिने घरातल्याच पुढच्या खोलीत काढला. शेठना तिने सांगितलं, की जुन्यावर काही चढवणार नाही, सगळं नव्याने बांधणार. आधी कित्येक दिवस एकही ओळ लिहिली नाही. नुसते चौकोन काढले. लेबल छापणाऱ्याला खोल्यांची माहिती नको. खोल्या सांभाळणाऱ्याला द्राक्षं कुठल्या देशात निघालीत याच्याशी कर्तव्य नको. दोघांत एकच छोटी खिडकी, आणि जे काय द्यायचं घ्यायचं ते त्या खिडकीतून. चुकलं की पुसायचं. भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेली लेक बघून अण्णा दारातून परत फिरायचे. एकदा मात्र पंखा लावून गेले.

हंगामाला नवा प्रोग्राम चालू झाला, आणि ऐन मध्यावर परदेशी खरेदीदारांनी नवीनच मागणी काढली. प्रत्येक खोक्यावर बागेचा नंबर हवा. गोटीराम शेठचा फोन घाबराघुबरा होता. पूर्वी अशा बदलाला दोन-दोन आठवडे लागत आणि तोवर सगळे एकमेकांवर खेकसत. मोहिनी सकाळच्या बसने पिंपळगावला गेली. लेबलाचा तेवढा एक चौकोन उघडला, बदलला, मिटला. बाकीच्या प्रोग्रामला पत्ताही लागला नाही. बायका खोकी भरतच होत्या, खोल्यांचे आकडे जागचे हलले नाहीत. दुपारच्या जेवणाआधी नव्या लेबलांची रिळं फिरू लागली.

“झालं?” शेठनी विचारलं.

“झालं.”

“एवढंच व्हतं व्हय? मी उगा घाबरलो.” आणि ते टेम्पोवाल्याशी बोलायला निघूनही गेले.

मोहिनी क्षणभर तशीच उभी राहिली. कुणीतरी विचारावं, हे कसं जमलं, असं तिला मनापासून वाटत होतं. कुणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही घडलेलंच दिसत नव्हतं. मग तिला हसू आलं, आणि ते हसू आपलं आपल्यापाशीच ठेवून ती आवारात आली. शेठच्या माणसाने द्राक्षांची एक पेटी तिच्या हातात दिली.

बसथांब्यावर लिंबाच्या सावलीत ती पेटी शेजारी ठेवून बसली. समोरच्या आग्रा रोडवरून कांद्याचे ट्रॅक्टर जात होते, गोण्यांतून सुटलेली सालं वाऱ्यावर गुलाबी भिरभिरत होती. शेठ मघाशी ओझरतं म्हणाले होते, पुढच्या वर्षी कांद्याचंही बघू. कांद्याला थंडी चालत नाही, तिच्या मनात आलं. त्याला वारा लागतो. कांदा साठवायच्या चाळीत वारा एका बाजूने यायला हवा आणि दुसऱ्या बाजूने निघून जायला हवा. मग त्याच्या खोल्या अशा नकोतच. नाशिकची बस आली, दोन माणसं उतरली, एक चढलं, कंडक्टरने तिच्याकडे बघून घंटी मारली आणि बस निघून गेली. मोहिनीने पायातली चप्पल काढली आणि अंगठ्याने समोरच्या धुळीत एक लांबट चौकोन ओढला.