सहा नंबरची मशीन

आमच्या वरवट बकालात एखाद्याला भोळसट म्हणायचं असलं, की 'सहदेव कंडक्टर हाय बे तो' असं म्हणतात. मीसुद्धा म्हटलेलं आहे, खोटं कशाला बोलू?

सहदेवकाका बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, बहुतेक काळ शेगाव-संग्रामपूर गाडीवर. ड्यूटी संपली की तिकिटाची मशीन, बॅग, सगळं डेपोत जमा करायचं, पावती खिशात ठेवायची, आणि मगच घर. निवृत्तीच्या दिवशी तर तिकिटाला भोक पाडायचा माळ्यावरचा जुना, गंजलेला पंचही शोधून जमा करून आले. तो कोणी मागितलाही नव्हता. भिमाकाकू, म्हणजे त्यांची बायको, हसून हसून बेजार झाली. म्हणे, "बरं झालं बाई, यायनं मले नाही जमा केलं डेपोत!"

काकूचे दोन्ही डोळे काचबिंदूनं गेलेले. पण ती घरात कधी आंधळी वाटलीच नाही, कारण काकांचं तोंड दिवसभर चालू. "डाव्या हाताले चहा हाय." "पायरी आली." "सिंधूची मांजर बसली हाय, जपून." त्यांच्या बडबडीवर ती अख्ख्या घरात फिरायची.

मग काकांच्या गळ्यात गाठ निघाली. अकोल्याला ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. आता लिहून दाखवावं तर काकूला दिसत नाही, आणि बोलावं तर काकांना आवाज नाही. सांगा, करावं काय माणसानं?

काकांनी एसटीची घंटी घरात आणली. स्टीलचा पेला आणि चमचा. दोनदा वाजवलं म्हणजे 'चल', म्हणजे हो. एकदा वाजवलं म्हणजे 'थांब', म्हणजे नाही. काकू विचारायची, हे वाजवायचे. जेवले का? टिंग टिंग. दुखून राह्यलं का? टिंग. असा दीड वर्ष संसार केला त्या दोघांनी.

मी समता, त्यांच्या शेजारची पोरगी. बुलढाण्यात माझं दहा बाय बाराचं दुकान आहे. दवाखान्यांची बीपीची यंत्रं, वजनकाटे, ऑक्सिजनच्या मशीन दुरुस्त करते. छोट्या उद्योगांना वैद्यकीय उपकरणांच्या संशोधनासाठी सरकार अनुदान देतं, ते मला मिळालं. मी आवाजाची मशीन करायला घेतली होती. टॉर्चएवढी असते, गळ्याला बाहेरून टेकवायची. बटण दाबलं की ती थरथरते, आणि ओठ-जीभ हलवली की त्या थरथरीचे शब्द होतात. परदेशी मिळते तशी, पण तिची किंमत ऐकूनच आमची माणसं गप्प बसतात. मला आमच्या माणसाला परवडेल अशी करायची होती. चाचणीसाठी सहा बनवल्या, सहा रोग्यांना दिल्या. सहा नंबरची काकांना.

पंधरा दिवस काकांना काही जमेना. सोळाव्या दिवशी आवाज निघाला. आवाज कसला, डबीत कोंडलेला भुंगा! काकू दचकून उठली. "कोन हाय घरात?" काकांनी कपाळावरचा घाम पुसला, मशीन पुन्हा टेकवली आणि म्हणाले, "शेगाव... शेगाववाले... उतरा पटापट." काकू आधी हसली, आणि मग अशी रडायला लागली की मलाही आवरेना. त्यानंतर आठ महिने त्या घरात पुन्हा बडबड. भुंगा तर भुंगा! काकू साऱ्या गल्लीला सांगत फिरायची, "आमचे हे बोलतात बरं."

आणि अनुदानाची मुदत संपली. पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळाली नाही. रोगी फार कमी आहेत, असं समितीचं म्हणणं पडलं. वर पत्र आलं, की अनुदानातून बनलेली सर्व उपकरणं सरकारची, ती जमा करा. मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पाच जमा करायच्या, आणि सहावी पडून फुटली म्हणून लिहायचं. फक्त काकांना तसं कळवायचं होतं, शेजारच्या सिंधूताईंच्या फोनवर. आज करते, उद्या करते म्हणत राहिली मी. आळशी कुठली! आज त्या फोनची आठवण आली की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

तपासणीचे साहेब दुकानात आले. मी पाच मशीन टेबलावर मांडल्या, सहावीचं खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि दारात काका उभे. पहिल्या गाडीनं आलेले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात रुमालात बांधलेली मशीन. चाचणीच्या कागदावर सही करताना मशीन परत करायची जी तारीख वाचली होती, ती त्यांनी पाठ करून ठेवली होती.

"काका, तुम्हाले कोनं बोलावलं इथं?" मी ओरडलीच.

त्यांनी मशीन गळ्याला लावली. "सही केली होती न बेटा. वस्तू सरकारची हाय."

मी डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली. पण साऱ्या आयुष्यात ज्यानं एक प्रवासी बिनतिकिटाचा नेला नाही, त्याला माझी खूण काय समजणार? "पावती दे," म्हणाले, आणि मशीन टेबलावर ठेवली. साहेब बघत होते. मी पावती लिहिली. हो, याच हातानं लिहिली. काकांनी ती घडी करून खिशात ठेवली, माझ्या डोक्यावर हात ठेवला, टेबलावर बोटानं दोनदा वाजवलं आणि गेले.

साहेब काही वाईट माणूस नव्हता. "अर्ज करा, बैठकीत ठेवू," म्हणाला. मी अर्ज केला. तो अजून बैठकीतच आहे. आणि स्वतःच्या खर्चानं सातवी मशीन करायला घेतली. तिच्यातली थरथरणारी चकती बाहेरदेशातून यायची होती, तिला सात आठवडे लागणार होते.

पाचव्या आठवड्यात भिमाकाकूला न्यूमोनिया झाला.

पुढचं मला सिंधूताईंनी सांगितलं, त्या तिच्या उशाशी होत्या. तापात काकू मशीनचं विसरूनच गेली. तिच्या मनानं घेतलं की काका रुसले. "काऊन बोलून नाही राह्यले? रागावले का माह्यावर?" काकांनी चमचा वाजवला, एकदा. नाही. "मंग बोला न." यावर काय वाजवणार ते? हो वाजवता येतं, नाही वाजवता येतं. मशीन आपणच नेऊन दिली, हे त्यांनी चमच्यानं कसं सांगायचं? सिंधूताईंनी दहादा समजावलं, पण काकू ऐकेना. "त्यायले सांगू दे," म्हणे. काका तिचा हात धरून बसले होते, आणि ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "रागावले का?" टिंग. "रागावले का?" टिंग. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. तिला ते पटलं की नाही, कोणाला माहीत?

दोन आठवड्यांनी मी सातवी मशीन घेऊन गेली. काकूची खाट तिथंच होती, वर तिची घडी घातलेली चादर.

"काका, हे माह्या घरची हाय. सरकारची नाही. हे कोठीच जमा नाही कराची."

त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग खाटेकडे तोंड करून गळ्याला लावली. बटण दाबलं. ओठ उघडले, पण शब्द आला नाही, नुसती भुणभुण. त्यांनी बटण सोडलं. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून पुन्हा लावली.

"आवाज साफ हाय, समता. सहा नंबरपेक्षा साफ हाय."

"मंग ठेवा न काका," मी म्हटलं.

"ज्याच्या घरी कोनी ऐकनारं हाय, त्याले दे हे." त्यांनी मशीन माझ्या हातात ठेवली. पावती मागितली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी चपला घालत होती, तेवढ्यात आतून चमचा वाजला. एकदाच. एकदा म्हणजे थांब. वाटलं, मलाच थांबवून राह्यले, विचार बदलला असेल. मी धावत आत गेली.

काका माझ्याकडे बघतही नव्हते. पेला घेऊन खाटेपाशी बसले होते. चादरीवर एक हात ठेवून जरा थांबले, जसं कोणी काही विचारतंय आणि ते ऐकताहेत. आणि पुन्हा वाजवलं, एकदाच.

"रोज दुपारी असंच करतात," सिंधूताई दारातून हळूच म्हणाल्या. "तिले सांगून राह्यले, रागावलो नाही म्हून."