मागच्या खोलीतलं तिसरं माणूस

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो. उसाची गाडी काट्यावर आली की दिसेल तो आकडा लिहायचा, ही माझी एकोणीस वर्षांची सवय. भुताखेतांचा विषय निघाला की मी उठून जातो. या सदरातले काही अनुभव वाचून मी हसलोही आहे... तेव्हा माझा वाचून कुणी हसलं तर तक्रार नाही. हसण्याहून वाईट बोललं तरी चालेल. तसं मी वागलोच आहे.

साठ सालच्या वादळात आमच्या बेटावरच्या रोझ बेल गावातलं आमचं गवती छपराचं घर गेलं. पुढचं वर्ष आम्ही सात जणांनी पत्र्याच्या एका शेडमध्ये काढलं – मी, बायको सुंदरी, दोन मुलगे, दोन मुली आणि माझी आत्या. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला आत्यानंच वाढवलं. तिच्या संसारातली एकच वस्तू वादळातून वाचली, तांब्याची कळशी. पाच दिवसांनी उसात सापडली, एका बाजूला पोचा पडलेली.

नवं घर मी सिमेंटच्या विटांचं बांधलं, दोन खोल्यांचं. राहायला जाण्याआधी सरकारी इन्स्पेक्टर येऊन मोजमाप करणार आणि घर राहण्यालायक असल्याचं सर्टिफिकेट देणार, असा नियम होता. माणशी तीनशे घनफूट जागा लागते, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. मी टेप घेऊन बसलो. पुढची खोली आम्हा चौघांना पुरत होती. मागची बारा फूट बाय दहा, उंची सात – आठशे चाळीस. तिथं दोन मुली आणि आत्या झोपणार. तिघींना नऊशे हवेत. साठ कमी!

सर्टिफिकेट नाकारलं असतं तर भिंती पाडून वाढवाव्या लागल्या असत्या, आणि वादळांचा मोसम दोन महिन्यांवर आला होता. शेडमध्ये पुन्हा तो मोसम काढायची माझी हिंमत नव्हती. मी ठरवलं, इन्स्पेक्टरला सहा माणसं सांगायची.

आमच्यात नव्या घराची पहिली कळशी सगळ्यात वडील बाई भरते आणि त्यातलं पहिलं पाणी दारी आलेल्या परक्या माणसाला देते. त्याआधी चूल पेटत नाही. आत्यानं त्या दिवसासाठी कळशी चिंच लावून घासून ठेवली होती.

मी म्हणालो, "आत्या, तुझ्या सासरहून, बों अक्योयहून निरोप आलाय. तुझे दीर आजारी आहेत. आठवडाभर जाऊन ये."

"आणि पाणी?"

"परत आलीस की भर."

तिनं कळशीवरून एकदा हात फिरवला. मग "बरं बाबा" म्हणून कळशी गोणपाटात गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात ठेवली आणि गेली.

तीन दिवसांनी, सकाळी दहाला इन्स्पेक्टर आला. तरुण होता, उजव्या अंगठ्याला पट्टी बांधलेली. त्यानं इथल्या क्रेओल बोलीत विचारलं, "माणसं किती?"

"सहा," मी म्हणालो. सुंदरीनं मान खाली घातली.

पुढची खोली मोजून तो एकटाच मागे गेला. मी आणि सुंदरी पुढच्या खिडकीचा अडकलेला अडसर काढत होतो. थोड्या वेळानं तो रुमालानं तोंड पुसत बाहेर आला.

"अहो मिस्ये, सात म्हणा की! ती म्हातारी कोण मग?"

"कोण म्हातारी?"

"मागच्या खोलीतली. मला पाणी दिलं तिनं. गार होतं हां, मेर्सी, आभार सांगा तिला." मग हसून म्हणाला, "सासूला लपवताय का? आणि कशाला? जागा आहे ना! उतरत्या पत्र्याची उंची सरासरी धरतात. इकडे सात फूट, तिकडे नऊ, म्हणजे आठ. नऊशे साठ झाले. तिघींना पुरतं."

मी फक्त पत्र्याची खालची बाजू मोजली होती. वाढवून सांगितलं असं कुणी म्हणू नये म्हणून!

मी मागच्या खोलीत धावलो. कुणी नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी होती. मधोमध पोचा पडलेली कळशी, काठोकाठ भरलेली, आणि तिच्या बुडाशी ओलं वर्तुळ. शेडची किल्ली सुंदरीच्या कमरेला होती. तिनं जाऊन कुलूप उघडलं – गोणपाट घडी घालून ठेवलेलं. कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावर बायका होत्या. आत्या तिथं आलीच नव्हती, असं त्या म्हणाल्या.

मी तसाच जाऊन बस धरली. तीन बस बदलून बों अक्योयला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आत्या ओट्यावर डाळ निवडत बसली होती. तिची जाऊ म्हणाली, "सकाळपासून इथंच आहेत, जागच्या हलल्या नाहीत. का हो?"

अंगणात आत्याचे दीर लाकडं फोडत होते.

"बघ," आत्या म्हणाली, "आजारी माणूस किती छान लाकडं फोडतो!"

मी ओट्याच्या कडेला बसलो.

मग तिनं हळूच विचारलं, "पाणी आवडलं ना रे त्या पोराला? अंगठ्याला लागलं होतं बिचाऱ्याच्या. दोन्ही हातांनी पेला धरला त्यानं."

"आत्या, तू... कशी..."

"ते मला नको विचारूस. मला एवढंच ऐकू आलं, तू सहा म्हणालास."

मी तिचे पाय धरले. सरासरीचा हिशेब सांगितला, जागा आहे म्हणालो, चल म्हणालो. ती रागावली नाही.

"घरात पहिलं पाणी आलं. आता चूल पेटवा," एवढंच म्हणाली.

त्यानंतर चार वेळा मी तिला आणायला गेलो. दर वेळी जेवू घालून तिनं मला परत पाठवलं. दोन वर्षांनी ती तिथंच वारली.

इन्स्पेक्टरनं पाहिली ती कोण, बंद शेडमधली कळशी कुणी आणली, मला आजही सांगता येत नाही. सर्टिफिकेट ट्रंकेत आहे. त्यावर मागच्या खोलीसमोर शाईनं लिहिलंय – नऊशे साठ घनफूट, माणसं तीन.

काट्यावर माझा आकडा कधी चुकत नाही. पण कुणी सहज विचारलं, घरात माणसं किती, तर मी सुंदरीकडे बघतो. उत्तर ती देते.