पंख्याचं बटण

आमच्या कॉलेजात ऑफिसला लागून असलेल्या प्रयोगशाळेत भूगर्भशास्त्राचे सर बसायचे. मी ऑफिसातला कारकून; सहा वर्षं रोज भेटलो, तरी मला ‘पावणं’च म्हणायचे. तळ्याच्या जुन्या गाळातले खसखशीहून बारीक शिंपले ओल्या कुंचल्यानं टिपून ते सूक्ष्मदर्शकाखालच्या काळ्या पट्टीवर मांडायचे. दिसायला शिंपले, पण जीव कोळंबीच्या लांबच्या भावकीतले, हजारो वर्षांपूर्वी मेलेले.

‘‘पाऊस कवा हुता, कवा आटला, समदं ह्येच्या कवचात हाय,’’ ते सांगायचे. ‘‘मान्सं खोटं बोलत्यात, ह्यो न्हाय.’’

शिंपले उडतील म्हणून पंखा एप्रिलातही बंद. घाम पट्टीवर ठिबकू नये म्हणून कपाळाला टॉवेल बांधलेला.

एका दुपारी फायली चुकवून मी तिथं गेलो आणि परोपकाराच्या भरात ‘‘किती उकडतंय हो!’’ म्हणत पंख्याचं बटण दाबलं.

पट्टी क्षणात मोकळी झाली. फरशीवरची धूळ आणि शिंपले एकाच रंगाचे. तरी ते रांगत शोधत राहिले. त्यांच्यामागं मीही रांगलो आणि उरलेसुरले बहुतेक माझ्याच गुडघ्याखाली चिरडले.

‘‘गाळ परत आणू की,’’ मी म्हणालो.

‘‘कुठनं? तळं बुजवून बाग केली न्हवं का! सगळ्यात मोठ्या दुष्काळाचा थर हुता ह्यो. एवढाच उरला हुता.’’

मी धडपडत बटणाकडं धावलो.

‘‘ऱ्हाऊ दे की, पावणं. आता कशाला बंद करताय?’’

त्यांनी कपाळाचा टॉवेल सोडला आणि ते पहिल्यांदाच पंख्याखाली वारं घेत बसले.