घारीची पाठ

माझा मामा टॉवर क्रेन चालवतो. सकाळी साडेसातला तो शिडीला हात घालतो आणि पंचवीस मिनिटांनी बत्तीस मजल्यांच्याही वर, काचेच्या केबिनमध्ये पोचतो. केबिन एवढीच, की तिच्यात एक खुर्ची, दोन दांडे आणि मामा मावतो. मामी म्हणते, आणखी थोडे जाड झालात तर दांडे बाहेर ठेवावे लागतील. जेवायला खाली यायचं तर सगळी सुट्टी चढण्या-उतरण्यातच जायची, म्हणून डबा तो वरच खातो.

मी त्यांच्याकडे राहून एम.ए. करत होते, तेव्हा माझं लायब्ररीचं एक पुस्तक डब्याच्या पिशवीतून असंच वर गेलं. एका निसर्गलेखिकेचं, पक्ष्यांवरचं. तीन आठवडे ते खाली आलंच नाही. आलं तेव्हा त्यावर तेलाचे दोन डाग होते, आणि मामाची एक तक्रार होती.

"बाई लिहितात, घारीची पाठ माणसाला दिसत नाही, तिचं पोटच आपल्या वाट्याला येतं. असं कसं? मला तर रोज दिसते."

"मग कळव की त्यांना," मी सहज म्हटलं.

शाळा सुटल्यापासून रजेच्या अर्जापलीकडे काही न लिहिलेल्या मामाने प्रकाशकांमार्फत खरंच कळवलं. खाली स्वतःचं नुसतं नाव आणि पिनकोड; पोस्टमन ओळखीचा होता. 'घारीच्या पंखावर, खांद्याजवळ, फिकट तिरका पट्टा असतो. ऊन पडलं की आधी तो दिसतो, घार नंतर.'

दहा दिवसांत उत्तर आलं, हिरव्या शाईत. 'चाळीस वर्षं मान वर करून घारी पाहते आहे. हा पट्टा मला तुमच्या पत्रात दिसला. आपण कोणत्या डोंगरावर राहता?'

"डोंगर?" मामी म्हणाली. "लिहा की. दुसरा मजला, जिन्याला लागून, समोर पाण्याची टाकी."

मामाने लिहिलं नाही. त्याच पुस्तकात, एकशे बेचाळिसाव्या पानावर, बाईंनी लिहिलं होतं : 'क्रेन दिसली की मी समजते, इथलं झाड गेलं.' त्या पानाचा कोपरा मामाने दुमडून ठेवला होता. "पुढच्या पत्रात सांगतो," तो म्हणाला. पुढच्या पत्रात बाईंनी विचारलं की घार उडता उडता कशी खाते, आणि ते सांगण्यातच कागद संपला.

वर्षभरात अकरा पत्रं आली. पूर्वी घरी आल्या आल्या आडवा होणारा माणूस आता जेवताना सांगू लागला, आज दोघींनी हवेत पंजे अडकवले, आज एक नुसती वाऱ्यावर उभी होती. मामी ऐकायची आणि म्हणायची, "माझी पाठ सहा महिने दुखतेय, तिच्यावर एक ओळ नाही. घारीच्या पाठीवर पत्रांची चळत."

मग बारावं पत्र आलं. 'गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर चाला म्हणतात. पुढच्या महिन्यात तुमच्या डोंगरावर येते. वाट कळवा.'

मामाच्या हातातला घास हातातच राहिला. "आता गं?"

"आता आणा एखादा डोंगर कुठून तरी."

"आजारी आहे म्हणून कळवू?"

"खोटं लिहिणार असाल तर तिकीट मी लावणार नाही." मग तिचा आवाज जरा खाली आला. "पट्टा खरा आहे ना? मग बाकीचं सांगायला कसली लाज?"

"त्यांना क्रेनचा राग आहे गं. पत्रं बंद होतील."

तरी तो बसला. पाच कागद फाडले. सहाव्यावर लिहिलं : 'बाई, डोंगर नाही. क्रेन आहे. मी ती चालवतो. एकशे बेचाळिसावं पान मी वाचलं आहे. इथे आधी झाडं होती का, मला माहीत नाही. मी आलो तेव्हा खड्डाच होता. पण घारींचं जे लिहिलं ते डोळ्यांनी पाहून लिहिलं. राग आला असेल तर उत्तर नको. पट्टा मात्र पुस्तकात घाला.' खाली कामाच्या जागेचा पत्ता, आणि जेवणाच्या सुट्टीची वेळ.

तीन आठवडे काही आलं नाही. मामा रोज जिन्याखालच्या पेटीत बोट घालून बघायचा आणि कुणी पाहिलं तर धूळ पुसल्यासारखं करायचा.

पुढचं मी पाहिलेलं नाही, पण मामाने ते इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ आहे. बुधवार होता. डबा उघडलेला. खालून खुणा करणारा माणूस वॉकीटॉकीवर आला. त्याला सगळे कर्णा म्हणतात, कारण त्याला वॉकीटॉकीची गरज नाही.

"अरे ए, तुझी पाहुणी आलीय. हातात काठी आहे. हेल्मेट दिलंय मी. विचारते, डोंगर कुठाय?"

मामा दार उघडून शिडीकडे वळला, तेवढ्यात वॉकीटॉकीतून बारीक आवाज आला. "उतरू नका. तुम्ही येईपर्यंत ती जाईल. माझ्या डोक्यावर एक घार आहे. दिसते?"

"दिसते बाई. माझ्या पायाखाली आहे."

"शेपटीचं एक पीस तुटलंय का? की माझेच डोळे?"

"तुटलंय."

"आणि पट्टा?"

"आत्ता ऊन आलंय त्याच्यावर."

"मग सांगा. सावकाश सांगा, मी लिहून घेते."

मामा सांगत राहिला. सुट्टी संपून दहा मिनिटं झाली तरी हूक हलला नाही. इंजिनिअरने विचारलं तेव्हा कर्णा म्हणाला, "साहेब, वर घार आहे," आणि साहेबही वर बघत उभे राहिले.

शेवटी मामाने धीर करून विचारलं, "उत्तर का नाही पाठवलंत?"

"कशाला? वाट तर तुम्ही कळवलीच होती."

"आणि ते पान?"

"ते राहू दे. झाडं गेली हे खरंच आहे." मग त्या म्हणाल्या, "त्याच्यापुढे तुमचं पान येईल."

पुढच्या महिन्यात क्रेन इथून उतरवून नदीपलीकडे नेणार आहेत. मामाने बाईंना पत्र टाकलं, या वेळी घरचा पूर्ण पत्ता घालून : तिकडे कोणते पक्षी असतात ते कळवा, म्हणजे आधी वाचून ठेवतो. परवा उत्तर आलं. पाकिटावर मामीने सांगितला होता तसा सगळा पत्ता, जिना आणि पाण्याच्या टाकीसकट. आत हिरव्या शाईत एकच ओळ : 'ते तुम्ही मला कळवायचं.'

मामीने न सांगता तिकीट आणून ठेवलंय.