वेशीतले थापे

मी कोरेगावची, बाजारपेठेत वाढलेली. लग्न होऊन उंब्रजच्या अलीकडच्या गावात आले तेव्हा चारी बाजूंना ऊस होता आणि त्या उसातून डोकं वर काढून काळ्या दगडांची वेस उभी होती. वऱ्हाडाची एक गाडी आत शिरताना तिचं चाक दगडाला घासलं. असली अरुंद वेस ठेवलीय तरी कशाला, असं माझा मोठा भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. माझे सासरे ते बोलणं मरेपर्यंत विसरले नाहीत. मी भाजीत मीठ जास्त टाकलं तरी त्यांना त्या चाकाची आठवण येत असे.

सासरे पहिल्या जर्मन लढाईतून परत आलेले हवालदार. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण पायात अजून परेड होती. गावचा इतिहास त्यांच्या ताब्यात होता. वेस कुणी बांधली असं विचारलं, तर ऐकणारा कोण आहे यावर उत्तर ठरे. साताऱ्याचा कुणी असला तर ती साताऱ्याच्या महाराजांनी बांधलेली असे. शाळामास्तरांना ती विजापूरकरांच्या काळातली असल्याचं सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे. आणि माझ्या माहेरचं माणूस आलं की ती आमच्याच घरातल्या कुण्या पणजोबांनी पदरमोड करून उभी केलेली असे. मला त्यांच्या थापांचा राग यायचा आणि मजाही वाटायची. दुपारी भाकरी खाऊन ते देवडीत जाऊन बसत. कमानीखाली दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांसाठी अशा देवड्या होत्या. पहारा केव्हाच संपला होता, सासरे तेवढे उरले होते.

वेशीचा जो इतिहास खरा होता, तो मला सासूबाईंनी दाखवला. कमानीच्या आतल्या बाजूला, पावसाचं पाणी पोचत नाही अशा दगडांवर गेरूचे थापे होते. गावातला गडी पलटणीत निघाला की वेशीत त्याला ओवाळायचं, त्याचा उजवा हात गेरूत बुडवायचा आणि त्या दगडावर उमटवायचा. परत आला की त्यानं वेशीतच थांबायचं, नदीचं पाणी आणून स्वतःच्या हातानं तो थापा धुवायचा आणि मगच गावात पाऊल टाकायचं. धुतल्याशिवाय माणूस आला असं गाव धरत नसे. सासऱ्यांनी आपला थापा धुतला होता. पहिल्या लढाईतले काही थापे मात्र तसेच होते, फिके, नुसते बोटांचे डाग. सासूबाई त्यांच्यापुढून जाताना डोक्यावरचा पदर सारखा करीत.

लग्नानंतरची पहिली दिवाळी व्हायच्या आत हे पलटणीत निघाले. दुसरी लढाई सुरू झाली होती आणि आमच्या भागातली पोरं गटागटानं भरती होत होती. यांच्याबरोबर मागच्या आळीतला यांचा जोडीदार होता. त्या दोघांनी लहानपणापासून एकमेकांशिवाय काही केलं नव्हतं, मग मरायला तरी वेगळे कसे जातील, असं मी रागानं मनात म्हटलं. म्हटलं आणि जीभ चावली. जोडीदाराला बाप नव्हता, भावंड नव्हतं. घरात तो आणि आई. तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो.

यांनी हात उमटवला आणि बाजूला झाले. जोडीदारानं आपला हात गेरूत बुडवला आणि शेजारी एवढी जागा असताना मुद्दाम यांच्या थाप्यावर अर्धा चढवून दाबला. मावशीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो हसून म्हणाला, "संगं जातोय, संगं येऊ. एकाच पाण्यात दोघांचं काम हुईल."

सगळे हसले. मीही हसले.

मग नदीवर पाण्याला जाता-येता त्या दगडापाशी माझा पाय अडखळू लागला. आसपास कुणी नसलं की मी यांच्या थाप्यावर माझा तळवा ठेवून बघायची. माझी बोटं संपली तरी यांची वर उरायची. नवऱ्याचा चेहरा मला नीट आठवत नव्हता, इतका थोडा सहवास झाला होता, पण तो हात पाठ झाला होता. यांनी परत यावं आणि तो पुसून टाकावा, याखेरीज मला त्या वर्षांत दुसरं काही नको होतं. सणाला लुगडं आलं तरी मी त्याची घडी मोडली नाही.

पत्रं आधी येत होती, मग विरळ झाली. मधेच जोडीदाराबद्दल सरकारी पत्र आलं. ब्रह्मदेशाकडच्या रानात तो बेपत्ता झाला होता. मास्तरांनी ते मावशीला वाचून दाखवलं. बेपत्ता म्हणजे काय, असं तिनं विचारलं. सापडत नाही, असं मास्तर म्हणाले. मग सापडेल, असं म्हणून ती उठली आणि गवत काढायला गेली. यांचं पत्र पुढे बऱ्याच दिवसांनी आलं. तेव्हा हे तापानं फणफणून दवाखान्यात होते. जोडीदाराचं काय झालं ते यांनाही कळलं नव्हतं.

अशात एक मोठा साहेब गावात येणार असं ठरलं. त्याला जुन्या इमारतींचा नाद होता. गावोगावच्या वेशी, बारवा, देवळं बघायची, मोजमापं घ्यायची, फोटो काढायचे आणि म्हाताऱ्यांना विचारून लिहून घ्यायचं, असं त्याचं चाललं होतं. आपली वेस सरकारदरबारी नोंदली जाणार म्हटल्यावर सासऱ्यांना आकाश ठेंगणं झालं. पंचांनी बैठक घेतली. साहेबासमोर वेस अशी काळीकुट्ट कशी दाखवायची, यावर सगळ्यांचं एकमत झालं. आम्ही बायका उसाच्या खुरपणीला गेलेल्या. संध्याकाळी परत आलो तर वेस आतून-बाहेरून चुन्यानं पांढरी फटक, वर थोडी नीळसुद्धा घातलेली.

सासूबाईंच्या डोक्यावरचा भारा खाली पडला. मी त्या दगडापाशी गेले. ओला चुना बोटाला लागला, खाली काहीच दिसत नव्हतं. ज्यांचे थापे होते त्या सगळ्या बायका तिथं गोळा झाल्या आणि सासरे बादली हातात घेऊन देवडीत उभे राहिले. त्यांना आत्ता कुठं उमगलं होतं. एकीनं नखांनी खरवडायला सुरुवात केली, तेव्हा मावशी पुढे झाली आणि तिचा हात धरला.

"खरवडू नगंस," ती म्हणाली. "झाकल्यात. पुसल्याली न्हाईत."

तिच्या त्या एका बोलण्यानं आम्ही सावरलो. सासूबाई मात्र पुढे कितीतरी दिवस सासऱ्यांशी बोलल्या नाहीत. भाकरी ताटात पडे ती आवाज करून पडे.

साहेब आला, त्यानं टोपी काढली आणि ही वेस यंदाच बांधली का असं विचारलं. सासऱ्यांनी त्याला महाराज, विजापूरकर आणि आमचे पणजोबा असे तिघेही एकदम सांगून टाकले. साहेबानं ऐकून घेतलं, चहा घेतला आणि फोटो न काढता गेला.

लढाई संपली. एकेक गडी येऊ लागला. ज्याची बायको किंवा आई दगड दाखवील तिथं तो अंदाजानं चुना धुवायचा, खालचा गेरू निघाला की गलका व्हायचा. मी रोज घर सारवायची. आणि एका सकाळी शेजारची पोरगी पळत आली, हे वेशीत आले होते.

मी ओवाळायचं ताट घेऊन दारात उभी राहिले. सासूबाई पुढे गेल्या, त्यांच्या मागोमाग न राहवून मीही गेले. हे वाळले होते, काळे पडले होते. नदीवरून कळशी भरून आणून त्या दगडासमोर उभे होते. आणि दगडाला पाठ लावून मावशी उभी होती.

"तू धुतलास तर माझ्या प्वाराचा हात बी जाईल," ती म्हणाली. "त्यो यायचा हाय."

यांनी कळशी खाली ठेवली. मग हे देवडीत जाऊन बसले. सासूबाईंनी समजावलं, सासऱ्यांनी समजावलं. मावशीनं होय म्हटल्याशिवाय मी पाण्याला हात लावणार नाही, एवढंच हे म्हणाले. गावात न शिरता आल्या पावली परत जायची यांची तयारी होती. मला मावशीचा भयंकर राग आला. इतकी वर्षं मी वाट पाहिली होती आणि माझा नवरा माझ्या दारापासून हाकेच्या अंतरावर परक्यासारखा बसला होता. तिचा मुलगा येणार नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. माझा आला होता. ते तिला ओरडून सांगावं असं मला वाटत होतं, आणि सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरून ठेवला नसता तर मी सांगितलंही असतं.

ऊन चढलं. लोक पांगले. यांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, कारण वेशीबाहेरच्या माणसाला गावचं अन्नपाणी चालत नाही. मावशी उभीच होती. यांच्याकडे बघत होती. ताप मुरलेल्या माणसासारखी यांची मान मधूनमधून खाली जात होती.

दुपार कलायला लागली तेव्हा ती दगडापासून हलली. यांच्यापाशी जाऊन यांच्या कपाळाला हात लावला. तसाच हात तिनं गालावरून, हनुवटीवरून फिरवला. मग तिनं कळशी उचलली, कमरेला खोचलेली भांडी घासायची काथ्याची शेंडी काढली आणि स्वतःच दगड घासायला लागली.

आधी चुना दुधासारखा खाली आला. मग ओल्या दगडावर दोन्ही हात उमटले, एकावर एक अर्धा चढलेला, काल लावल्यासारखे लाल. तिचा हात थांबला. आम्हाला वाटलं, आता ती थांबेल. तिनं लेकाच्या बोटांवर आपला गाल टेकवला, आणि परत घासायला लागली, दगड काळा होईपर्यंत.

"ऊठ," ती यांना म्हणाली. "भूक लागली आसंल."

यांचं मनगट धरून ती यांना वेशीतून आत घेऊन आली. ती आमच्या घराकडे वळली नाही, मागच्या आळीकडे वळली. मी ताट घेऊन पुढे धावले. सासूबाईंनी मला अडवलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "आज तिला जेवाय वाढू दी."

मी थांबले. ताटातला दिवा विझला, तो मी परत लावला नाही. तिच्या घराच्या छपरातून धूर निघाला आणि भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. मी भिंतीला टेकून, माझ्या नवऱ्याचं जेवण होईपर्यंत, तो आवाज ऐकत रडत राहिले.